सामाईक घरात सोलर बसवायला भावाची परवानगी लागते का?

प्रश्न : अमळनेरला आमचं पाच खणांचं धाब्याचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं, घर आहे. वडिलांनी १९७१ मध्ये स्वतःच्या कमाईतून घेतलं. २०१६ मध्ये ते वारले. मृत्युपत्र नाही, वाटणीही झालेली नाही. मी, पत्नी आणि ७८ वर्षांची आई इथे राहतो. मोठे भाऊ सुरतला असतात. बहीण शहाद्याला दिली आहे, तिचं काही म्हणणं नाही. बंबाच्या धुरानं आईला खोकला होतो, म्हणून न्हाणी दुरुस्त करून २०० लिटरचा सोलर हीटर बसवायचा आणि मागच्या दोन खणांचं गळकं धाबं काढून स्लॅब टाकायचा, असं ठरवलं. मिस्त्रीला ६० हजार दिले आहेत. आता भावानं वकिलाची नोटीस पाठवली : वाटणी होईपर्यंत घराला हात लावायचा नाही, नाहीतर मनाई हुकूम आणू. काय करावं?

उत्तर : भाऊसाहेब, बहिणीचं काही म्हणणं नाही, हे तुम्ही तिला विचारून लिहिलंत का? हिंदू वारसा कायदा, १९५६ च्या कलम ८ प्रमाणे वडिलांच्या स्वकष्टाच्या घरात आई, तुम्ही दोघं भाऊ आणि बहीण, असे चौघं सारखे मालक आहात. रुपयात प्रत्येकाचे चार आणे. लग्न होऊन ती शहाद्याला गेली म्हणून तिचे चार आणे कमी होत नाहीत. घरपट्टीवर एकट्या तुमचं नाव लागलं असलं, तरी त्यानं मालकी ठरत नाही. आणि ज्या माउलीसाठी हे सगळं चाललंय ती तुमच्या आश्रयाला नाही, ती स्वतः मालक आहे. नोटिशीच्या उत्तरात हे पहिल्याच परिच्छेदात यायला हवं.

आता नोटिशीकडे वळू. भावाचं म्हणणं अर्धं बरोबर आहे.

वाटणी होत नाही तोवर सहहिस्सेदाराचा हक्क घराच्या प्रत्येक भागावर असतो. तो तिथे राहू शकतो, घर राखू शकतो, इतरांना अडवणार नाही अशा रीतीनं वापरू शकतो. दरवर्षी मृगाआधी धाब्यावर खारी माती टाकताना तुम्ही सुरतला फोन करून परवानगी घेत होतात का? नाही, कारण ती घराची राखण होती. कुजलेला सरा (धाबं पेलणारं लाकूड) बदलणं, पाणी मुरणारी भिंत सावरणं, न्हाणीची फरशी आणि नळ बदलणं हे त्याच रांगेतलं काम आहे. ते करा.

स्लॅबचं तसं नाही. धाबं उतरवलं की घराचं रूपच बदलतं. मातीच्या भिंतींवर तो भार टाकता येत नाही, म्हणजे कॉलम आले, खोदकाम आलं. इतरांच्या संमतीशिवाय असा कायमचा बदल केला, तर कोर्ट थांबवू शकतं. शिवाय महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ खाली घराच्या आतल्या किरकोळ दुरुस्तीला परवानगी लागत नाही, पण या कामाला नगरपालिकेची लागेल आणि पालिका मालमत्तेच्या उताऱ्यावरच्या सगळ्यांची संमती मागेल. म्हणून स्लॅब आज थांबवा. मिस्त्रीला दिलेले ६० हजार दुरुस्तीच्या कामात वळते करून घ्या आणि तसं त्याच्याकडून लिहून घ्या.

सोलर बसवता येईल, फक्त धाब्यावर नको. २०० लिटर म्हणजे नुसत्या पाण्याचंच २०० किलो, वर टाकी आणि सांगाडा वेगळा. त्याला पाणी पुरवणारी गार पाण्याची टाकी आणखी उंच लागते. जुन्या सऱ्यांवर हे चढवलं आणि खाली कोणी असताना धाबं बसलं, तर त्याची जबाबदारी तुमच्यावर येईल. मागच्या अंगणात ऊन येईल अशा जागी लोखंडी अँगलचा स्टँड उभा करा, बोल्टनं कसलेला. उद्या वाटणीत ती जागा दुसऱ्याकडे गेली तर बोल्ट सोडून सगळं उचलता येईल, आणि कोर्टापुढे तुमचा हाच मुद्दा भक्कम राहील : घरात कायमचा बदल केलेला नाही. कोणी गॅस गिझर सुचवलाच, तर कोंदट न्हाणीत तो अजिबात लावू नका. त्यातून निघणाऱ्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

सगळ्यात तातडीचं काम कॅव्हेटचं, म्हणजे मला कळवल्याशिवाय हुकूम करू नका, असं कोर्टाला आधीच लिहून देण्याचं. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १४८अ खाली अमळनेरच्या दिवाणी न्यायालयात तो दाखल करा आणि त्याची नोटीस भावाला नोंदणीसह स्पीड पोस्टानं (पूर्वीचं रजिस्टर पोस्ट) पाठवा. मग भावानं मनाईचा अर्ज केला तरी तुम्हाला कळवल्याशिवाय कोर्टानं त्यावर हुकूम करू नये, अशी तरतूद आहे. कॅव्हेट ९० दिवस चालतो, नंतर पुन्हा दाखल करावा लागतो.

कामाआधी न्हाणीचे, गळणाऱ्या खणांचे फोटो काढा. पैसे बँकेतून द्या, प्रत्येक पावती जपा. पुढे वाटणीचा दावा झाला तर ज्यानं खर्च करून जो भाग सुधारला, तो शक्यतो त्याच्या हिश्श्यात घालण्याकडे कोर्टाचा कल असतो, इतरांचं नुकसान होत नसेल तर. पण दावा दाखल झाल्यावर, हरकत असताना केलेल्या खर्चाबाबत ही सहानुभूती धरून चालू नका.

स्लॅब हवाच असेल तर चौघांच्या सह्यांचं संमतिपत्र करा. पैसे कोण देणार आणि वाटणीत ते कसे धरायचे, हे त्यात स्पष्ट लिहा. हक्कसोड किंवा वाटणी करायची असेल तर दस्त दुय्यम निबंधकाकडे नोंदवावाच लागतो. आपल्याकडे स्टॅम्पवर लिहून नोटरी केली की मिटलं असं समजतात, आणि पुढची पिढी तोच कागद घेऊन आमच्याकडे येते.

हे बोलणं आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) करा. ताई माहेरी येईल, भावालाही बोलवा, आईला मध्ये बसवा. कॅव्हेट मात्र याच आठवड्यात दाखल करा.