तिसऱ्या रामसेसच्या अंतःपुरातील कट

प्रश्न : प्राचीन इजिप्तच्या राजाला अनेक राण्या असत, तर गादी कोणाच्या मुलाकडे जाई? तिसऱ्या रामसेसला त्याच्याच राणीने मारले, हे खरे आहे काय? (एक वाचिका, नाशिक)

उत्तर : पट्टराणीच्या मुलाचा हक्क पहिला, असा रिवाज होता, परंतु अखेरचा शब्द राजाचा असे. तिसऱ्या रामसेसच्या मेदिनेत हाबू येथील मंदिरात राणीची आकृती कोरलेली असूनही तिच्या नावाची चौकट कोरीच ठेवलेली आहे. धाकट्या राण्यांच्या आशा अशाच संदिग्धतेवर पोसल्या जात असाव्यात, असे मला वाटते.

इसवी सनापूर्वी 1155च्या सुमारास, रामसेस नावाचा राजपुत्र वारस ठरलेला असतानाही, तिये या राणीने आपला मुलगा पेंटावेरे याच्यासाठी कट रचला. खटल्याची हकिकत इटलीतील तुरीन येथे असलेल्या पपायरसात (लव्हाळ्यापासून केलेल्या कागदावरील प्राचीन लेखात) आहे. अंतःपुराचे अधिकारी आणि द्वारपालांच्या बायकाही त्यात गुंतल्या होत्या. अंतःपुरातील एका स्त्रीने इजिप्तच्या दक्षिणेकडील नूबियातील धनुर्धरांचा नायक असलेल्या आपल्या भावाला, लोकांना चिथावून राजाविरुद्ध उठाव कर, असा निरोप धाडला होता. पहारेकऱ्यांना निष्प्रभ करण्यासाठी मंतरलेल्या मेणाच्या बाहुल्याही केल्या गेल्या. आरोपींपैकी काहींची नावे पपायरसाच्या लेखनिकाने मुद्दाम बिघडवून लिहिली. एकाच्या अशा बिघडवलेल्या नावाचा अर्थ ‘रा देव (सूर्यदेव) ज्याचा द्वेष करतो’ असा होतो.

राजा हल्ल्यातच मेला की नंतर, हा वाद दीर्घकाळ चालला. 2012 साली प्रसिद्ध झालेल्या सीटी स्कॅनच्या निष्कर्षांनी तो मिटवला. गळा हाडापर्यंत चिरलेला असून, ममी बनवणाऱ्यांनी जखमेत होरस या देवाच्या डोळ्याचा ताईत ठेवला होता. म्हणजे खून साधला, पण गादी मात्र ठरलेल्या वारसालाच, चौथ्या रामसेसला, मिळाली.

पेंटावेरेने स्वतःच्या हाताने जीव दिला, असे पपायरस सांगतो. बकऱ्याच्या कातड्यात गुंडाळलेली एक अनामिक ममी त्याचीच असण्याचा संभव मोठा आहे, कारण डीएनए चाचणीत ती तिसऱ्या रामसेसच्या मुलाची असू शकते असे आढळले. त्या काळी बकऱ्याचे कातडे अशुद्ध मानत. तियेच्या शिक्षेविषयी पपायरस मौन पाळतो. याउलट, खटला चालू असताना आरोपी स्त्रियांसोबत मेजवानी झोडणाऱ्या न्यायाधीशांची नोंद त्यात ठळकपणे आहे, आणि त्या प्रकरणात नाक-कान कापण्याची शिक्षा झाली.