‘द्या इकडे, मी करतो’

‘बाबांना फोनमधलं काहीही शिकवा, दुसऱ्या दिवशी पाटी कोरी. विसरण्याचा आजार तर सुरू झाला नाही ना?’ मी समुपदेशक. हा प्रश्न घेऊन येणारी चाळिशीतली मुलं-मुली मला वरचेवर भेटतात. त्यांची काळजी खरी असते. त्यातल्याच एका घराची हकिगत त्यांच्या परवानगीने, ओळख पटणार नाही अशा बेताने सांगते.

मुलगा पुण्यात, आईबाबा साताऱ्याकडच्या एका गावात. काका सत्तरीचे, पोस्टातून निवृत्त झालेले. दिवाळीत मुलाने नवा स्मार्टफोन घेऊन दिला. गॅस नोंदवणं, वीजबिल, यूपीआय असं सगळं दोन दिवसांत शिकवून तो परत गेला. दोन-तीन महिने बरे गेले. मग ‘ते ॲप कुठं गेलं कुणास ठाऊक’, ‘पिन आठवत नाही’ असं सुरू झालं आणि शेवटी फोन टीव्हीशेजारी पडून राहू लागला. मुलाने रात्री जागून डिमेन्शियाबद्दल वाचलं आणि आईबाबांना घेऊन माझ्याकडे आला.

पहिल्या भेटीत मी फोनचा विषयच काढला नाही. ओळखीच्या रस्त्यावर चुकतात का, एकच गोष्ट तासाभरात पुन्हा पुन्हा विचारतात का, वर्षानुवर्षं करत आलेलं काम अडतं का, स्वभाव बदललाय का, एवढंच विचारलं. काकू म्हणाल्या, “अहो, आमच्या भिशीचा हिशेब अजून हेच बघतात.” ऐकून मला हायसं वाटलं, तरीही डॉक्टरांकडे पाठवलं. बी-१२ जीवनसत्त्व कमी असलं, थायरॉइड बिघडलेलं असलं, ऐकू कमी येत असलं तरी माणूस विसरल्यासारखा वागू शकतो. ही तपासणी आधी व्हायला हवी, समुपदेशकाने अंदाजावर चालू नये. काकांचं बी-१२ जरा कमी निघालं, त्यावर गोळ्या सुरू झाल्या. बाकी डॉक्टरांना काळजीचं काही दिसलं नाही.

दुसऱ्या भेटीत मी म्हटलं, “काका, नातीला एक फोटो पाठवून दाखवता?” मुलगा शेजारीच होता. काकांनी चष्मा चढवला, अंगठा टेकवला आणि तसाच दाबून धरला. चिठ्ठीवर शिक्का मारावा तसा, जोर लावून. स्क्रीनवर भलताच मेनू उघडला. अंगठा जरा सरकला तर चिन्हच जागचं हललं. आता मला कळलं, ‘ॲप कुठं गेलं’ ते. काका जागा विसरत नव्हते, जागाच खरोखर बदलत होती! वयानुसार बोटं कोरडी पडतात, स्पर्श नीट लागत नाही, मग माणूस आणखी दाबतो. फोनला मात्र हलका स्पर्श म्हणजे एक हुकूम आणि दाबून धरणं म्हणजे दुसराच.

हे माझ्या लक्षात येतंय तोवर मुलाचा हात पुढे आला होता. “द्या इकडे बाबा, मी करतो.” दोन सेकंदांत फोटो गेला. काकांनी चष्मा काढून खिशात ठेवला. त्यांचा चेहरा तेवढ्या वेळात उतरला.

मग काकांशी एकट्याने बोलले. बराच वेळ ते पोस्टाबद्दल सांगत होते. लिहिता न येणाऱ्या माणसांचे मनीऑर्डरचे फॉर्म त्यांनी वर्षानुवर्षं भरून दिले. “अंगठा उठवताना माणूस खाली बघतो हो. मी आधी त्याच्या गावाकडचं काहीतरी विचारायचो, मग फॉर्म पुढे सरकवायचो.” आणि मग एकदम म्हणाले, “माझे अठ्ठेचाळीसशे गेले.”

जुना दिवाण विकायचा होता. घेणाऱ्याने क्यूआर कोड पाठवला, ‘स्कॅन करून पिन टाका, पैसे जमा होतील’ म्हणाला. काकांनी टाकला आणि खात्यातून उलट रक्कम गेली. ना काकूंना सांगितलं, ना मुलाला. पिन आठवत नाही, हे तेव्हापासूनचं. पिन त्यांना पाठ होता. तो टाकायची भीती बसली होती.

त्या दिवशी त्यांनी आमच्यासमोर घरच्यांना सांगितलं. काकू रडल्या. मुलगा आधी चिडला, “तेव्हाच का नाही सांगितलंत?” मी त्याला थांबवलं. प्रश्न बरोबर होता, पण त्याचं उत्तर त्याच्याच हातात होतं. जो हात फोन ओढून घेतो त्याला चूक सांगायला जीभ रेटत नाही. अशा वेळी सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या हेल्पलाइनवर लगेच फोन केला तर रक्कम पुढे सरकण्याआधी अडवता येण्याची शक्यता असते. म्हणूनच ‘चुकलं तर पहिल्यांदा मला सांगा, मी ओरडणार नाही’ हे वाक्य मुलांनी फोन हातात देतानाच म्हणायला हवं. आणि दुसरं, यूपीआयवर पैसे येताना पिन कधीच लागत नाही. काकांनी हे स्वतःच्या अक्षरात वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं, खाली दोन रेघा मारल्या.

पुढचं सोपं होतं. अक्षरं मोठी केली. सेटिंगमध्ये ॲक्सेसिबिलिटीत ‘टच अँड होल्ड डिले’ असतो, तो लांबवला, म्हणजे जरा दाबलं तरी चालतं. आठवड्याला एकच काम, रोज थोडं थोडं. मुलाने मधे पडायचं नाही. हे त्याला फार जड गेलं. मग मी त्याला चहाचा कप दोन्ही हातांनी धरून बसायला सांगितलं. विचारल्याशिवाय कप खाली ठेवायचा नाही. पहिल्या रविवारी वीजबिलाला पंचवीस मिनिटं लागली. बिल भरलं काकांनीच.

नोव्हेंबरात काकांचा फोन आला. पेन्शनसाठी हयातीचा दाखला घरबसल्या चेहरा दाखवून काढायचा, हे मुलाने त्यांना दाखवलं होतं. “केलंत का मग?” मी विचारलं. म्हणाले, “येतं आता मला. शेजारच्या मास्तरांचा मीच काढून दिला. पण माझा मी पोस्टातच जाऊन देणार. तिथं माझी माणसं भेटतात.”