‘बिकम ओशन’ पहिल्यांदा ऐकताना

चाल शोधत बसू नका, हे आधी सांगतो. अमेरिकन संगीतकार जॉन लूथर अ‍ॅडम्सच्या या वाद्यवृंदासाठीच्या रचनेत गुणगुणता येईल असं काही नाहीच. (नुसते जॉन अ‍ॅडम्स हे वेगळेच संगीतकार, मीही सुरुवातीला घोळ घातला होता.) २०१३ मध्ये सिअ‍ॅटल सिंफनी या अमेरिकेतल्या वाद्यवृंदाने ती प्रथम वाजवली, २०१४ चं संगीतासाठीचं पुलित्झर पारितोषिक मिळालं.

वाद्यवृंदाचे तीन गट आहेत: तंतुवाद्यं, बासरी-क्लॅरिनेटवाली मंडळी आणि पितळी वाद्यं. प्रत्येक गटाची लाट आपापल्या गतीने चढते, ओसरते. बहुतेक वेळ त्या एकमेकींना चुकवतात. तिन्ही शिखरं एकत्र येतात ती फक्त तीनदा. ते क्षण अंगावर येतात! मध्यावरून सगळं संगीत उलटं फिरतं, शेवटाकडून सुरुवातीकडे. कानाला मात्र पत्ता लागत नाही.

आपल्याला समेची सवय, त्यामुळे पहिली दहा मिनिटं चुळबुळ होईल. होऊ द्या. सुमारे ४२ मिनिटं सलग ऐका, आणि चांगल्या हेडफोनवरच. मोबाइलच्या स्पीकरवर खालचे खर्जातले सूर गायब होतात, मग उरतं काय? तुकडे करून तर मुळीच नको.