डॉक्टरकी सोडून विद्यापीठ आणि आरोग्य धोरणाकडे वळणं म्हणजे शिक्षण वाया घालवणं आहे का?

नाही. हा प्रश्न ज्यांनी तुमच्या डोक्यात घातला, त्यांना सरकारी औषधांची यादी कोण ठरवतं हे बहुतेक माहीत नसावं.

तुम्ही लिहिलंय की एम.डी. होऊन चार वर्षं झाली, पुण्यातच मेडिकल कॉलेजात शिकवताय, पुढे विद्यापीठात आणि धोरणाच्या कामात जायचंय पण कधी आणि कसं ते कळत नाही, आणि घरचे म्हणतात, "एवढं शिकून कारकुनी करणार का?" हेच वाक्य मी माझ्या सासरी कितीतरी वर्षं ऐकलं. म्हणून उत्तर लांबणार आहे.

मी स्त्रीरोगतज्ज्ञ. १९९६ चा पावसाळा. पुण्यातल्या एका मोठ्या रुग्णालयात रात्रीची ड्यूटी होती. पहाटे पावणेतीनला भोर-वेल्ह्याकडून एक जीप आली. एकोणीस-वीस वर्षांची मुलगी, पहिलटकरीण, आठवा महिना. चेहरा सुजून डोळे मिटलेले. जीभ चावू नये म्हणून सासूने तिच्या दातांत पळी धरलेली, आणि कात्रजचा घाट उतरेपर्यंत ती तशीच धरून ठेवलेली. बीपी १९०/१२०. एक्लॅम्प्सिया, म्हणजे गरोदरपणात बीपी वाढून येणारे झटके. वाटेत झटके किती आले विचारलं तर सासू म्हणाली, "सातापर्यंत मोजलं बाई, मग मोजायचं सोडलं."

सिस्टरनी ट्रेमध्ये मॅग्नेशियम सल्फेटच्या, म्हणजे हे झटके थांबवणाऱ्या औषधाच्या, चौदा अँप्यूल (काचेच्या कुप्या) ओळीने मांडल्या. एका अँप्यूलमध्ये दोन मिली, म्हणजे एक ग्रॅम. चार ग्रॅम शिरेतून सावकाश, उरलेले दहा कमरेखाली दोन्ही बाजूंना पाच-पाच, खोलवर. झटके थांबले. सिझेरियन केलं. बाळ पावणेदोन किलोचं, रडलं. आई मात्र शुद्धीवर आलीच नाही. मेंदूत रक्तस्राव झाला होता, तिसऱ्या दिवशी गेली.

तिच्यासोबत आलेल्या चिठ्ठीत एवढंच होतं: "झटके. बीपी जास्त. डायझेपाम दिले. पुढील उपचारासाठी." मी संतापले होते. तिला पाठवणाऱ्या केंद्रातल्या डॉक्टरांना फोन लावला आणि विचारलं, मॅग्नेशियम का दिलं नाही? १९९५ मध्येच मोठी आंतरराष्ट्रीय चाचणी छापून आली होती, भारतातल्या बायकाही त्यात होत्या. डायझेपामपेक्षा मॅग्नेशियमने पुन्हा झटका येण्याचा धोका ५२ टक्क्यांनी कमी होतो, असं त्यात स्पष्ट होतं. तो मुलगा, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान असेल, शांतपणे म्हणाला, "मॅडम, आमच्या यादीत ते औषधच नाही."

त्याचं खरं होतं. त्याच्याकडे डायझेपाम होतं, ते त्याने दिलं. मी मात्र तोवर दहा वर्षं सिझेरियन करत होते आणि यादी कोण करतं हे मला ठाऊक नव्हतं.

दोन वर्षांनी विद्यापीठात प्रशासकीय काम करशील का, असं विचारणं आलं. मी हो म्हटलं. त्या दिवाळीच्या फराळाला आमचे भाऊजी, म्हणजे माझे थोरले दीर, स्वतः सर्जन, पुण्यात नाव कमावलेले, सगळ्यांसमोर म्हणाले, "तुझ्या हाताला गुण आहे गं. तो हात फायलींवर झिजवणार?" मी चकलीची ताटली घेऊन आत गेले. उत्तर दिलं नाही, तेव्हा सुचलंही नाही.

आता सुचतं. भाऊजी, प्रसूतिशास्त्रात ज्यांचं पुस्तक आपल्या पिढ्यांनी पाठ केलं, ते ए. लक्ष्मणस्वामी मुदलियार १९४२ ते १९६९ अशी सलग २७ वर्षं मद्रास विद्यापीठाचे कुलगुरू होते. १९५९ मध्ये केंद्र सरकारने आरोग्यसेवेचा आढावा घ्यायला समिती नेमली, तिचे अध्यक्ष तेच. नवी प्राथमिक आरोग्य केंद्रं उघडत सुटण्याआधी आहेत ती धड चालवा, असं त्या समितीने सांगितलं. त्यांच्या हाताला गुण नव्हता असं कुणी म्हणेल का? आणि ते कशाला, आपल्या पुण्याचंच उदाहरण घ्या. एएफएमसीत, म्हणजे लष्कराच्या वैद्यकीय महाविद्यालयात, शिकलेल्या आणि पुढे तिथेच डीन झालेल्या माधुरी कानिटकर मुलांच्या किडनीच्या तज्ज्ञ. लष्करात लेफ्टनंट जनरल झाल्या, पंतप्रधानांच्या विज्ञान सल्लागार परिषदेवर गेल्या आणि २०२१ मध्ये नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाच्या कुलगुरू झाल्या. प्रसूतितज्ज्ञ बानू कोयाजींनी तर पुण्याचं केईएम रुग्णालय सोडलंही नाही. तिथूनच वढू गावाला जाऊन गावातल्याच माणसांना आरोग्याचं काम शिकवलं. १९९३ चा मॅगसेसे त्यांना मिळाला तो काय सिझेरियन मोजून?

विद्यापीठात मी काय केलं? पहिली काही वर्षं निकाल, फेरतपासणी, कोर्टकज्जे आणि कॉलेजांच्या तपासण्या. तपासणीच्या दिवशी बाहेरून आणून बसवलेले प्राध्यापक मी स्वतः पकडलेत. एका गृहस्थांना ते ज्या विभागाचे प्रमुख म्हणून बसले होते, त्या विभागाचा वॉर्ड कितव्या मजल्यावर आहे हे सांगता आलं नाही. इंटर्न मुलांच्या ग्रामीण पोस्टिंगच्या वह्या पाहिल्या तर साठ दिवसांच्या सह्या एकाच पेनाने, एकाच बैठकीत केलेल्या. त्यावर मी अडून बसले, आणि त्यापायी माणसं दुखावली. मला त्याचं जराही वाईट वाटत नाही.

पुढे राज्य पातळीवरच्या एका सल्लागार गटात बोलावलं. तिथे मी एकच विषय लावून धरला: प्राथमिक केंद्रात मॅग्नेशियम हवं, आणि डॉक्टर नसेल तर पहिला डोस नर्सबाईंनी द्यायचा. केवढा विरोध झाला! डोस जास्त झाला तर श्वास थांबेल, जबाबदार कोण, नर्सला हे झेपणार नाही. मी पुढच्या बैठकीला दहा रिकाम्या अँप्यूल आणि दोन सिरिंज घेऊन गेले. टेबलावर मांडून दाखवलं: पाच इकडे, पाच तिकडे, मग लगेच गाडीत घालून मोठ्या रुग्णालयाकडे. शिरेतून काही द्यायचं नाही, पुढचा डोस तिथले डॉक्टर बघतील. गुडघ्यावर हलका टोला मारला की पाय उडतोय का, लघवी तासाला ३० मिली होतेय का, श्वास मिनिटाला सोळाच्या वर आहे का, एवढं बघायला एम.डी. लागत नाही. आणि उतारा म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेट. यादीत दोन ओळी वाढल्या. मी एकटीने केलं असं म्हणणार नाही, तेव्हा हाच आग्रह बऱ्याच ठिकाणी बरेच जण धरत होते. पुढे केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांतही एएनएमने, म्हणजे गावपातळीवरच्या नर्सबाईंनी, पहिला डोस देऊन मग रुग्ण पाठवावी, असं आलं.

तुमच्या प्रश्नातलं "कधी आणि कसं" राहूनच गेलं. शिकवण्याची नोकरी सोडू नका, हे पहिलं. खासगी प्रॅक्टिसमध्ये गेलात की प्राध्यापकपदाची शिडी तुटते, आणि यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या नियमांत कुलगुरूपदासाठी प्राध्यापक म्हणून दहा वर्षं किंवा नावाजलेल्या संस्थेतला तेवढाच अनुभव मागितलाय. पीएसएमवाल्यांशी, म्हणजे सार्वजनिक आरोग्य शिकवणाऱ्यांशी, मैत्री करा. आपण क्लिनिकलवाले त्यांना कमी लेखतो, तो शुद्ध मूर्खपणा आहे. परीक्षा विभागाचं काम कुणी देऊ केलं तर घ्या, विद्यापीठ तिथेच कळतं. आणि सरकारी टिपणी मराठीत लिहायला शिका. तुमचा मुद्दा कितीही बरोबर असला तरी टिपणी नीट नसेल तर फाईल खालीच राहते.

हेही सांगायला हवं: पैसे कमी मिळतात, फार कमी. मला ते जमलं कारण घरात दुसरा पगार होता. तुमच्यावर घराचे हप्ते आणि आईवडील असतील तर घरच्यांची काळजी खोटी नाही, त्यांना तोडून बोलू नका. आणि हात सुटतो हेही खरं. मी गुरुवारची ओपीडी शेवटपर्यंत ठेवली, पण सिझेरियन पाच-सहा वर्षांतच थांबवलं. ते आजही आठवतं.

भाऊजी आता ८१ वर्षांचे आहेत. मागच्या गणपतीत मी त्यांना यादीचं ते पान नेऊन दाखवलं. चष्मा लावून त्यांनी दोनदा वाचलं आणि विचारलं, "कॅल्शियम ग्लुकोनेट शेजारीच ठेवतात ना?"

ठेवतात, भाऊजी. त्याच कपाटात, त्याच कप्प्यात.