पॅच पाठवला, पण पलीकडून हूं की चूं नाही

प्रश्न : चार शनिवार-रविवार घालवून मी एका ओपन सोर्स लायब्ररीतला (इतर प्रोग्राम वापरतात अशा, सगळ्यांना खुल्या असलेल्या कोडच्या संचातला) तारखा वाचणारा भाग नव्याने लिहिला आणि पुल रिक्वेस्ट, म्हणजे 'हा बदल मूळ कोडमध्ये घ्या' अशी विनंती पाठवली. बदल साधारण १,४०० ओळींचा. तीन आठवडे काहीच उत्तर नाही. दोनदा आठवण करून दिली, तेव्हा मेंटेनरने, म्हणजे लायब्ररी सांभाळणाऱ्याने, एवढंच लिहिलं : 'आधी इश्यू (अडचणीची नोंद) उघडा, मग तुकड्यातुकड्यांनी पाठवा.' आणि रिक्वेस्ट बंद केली. फुकट काम करून दिल्यावर साधे आभारही नाहीत? पुन्हा या वाटेला का जावं?

उत्तर : आभार मानायला हवे होते, त्याबद्दल वाद नाही. पण मीही नोकरी सांभाळून, उरलेल्या संध्याकाळी एक छोटी लायब्ररी सांभाळते. त्यामुळे माझं झुकतं माप कुणाकडे असणार हे आधीच सांगून टाकते.

तुम्ही 'काम करून दिलं' म्हणता. मेंटेनरला मात्र ते अंगावर आलेलं काम दिसतं. माझ्याकडे एकदा एकाने वर्षातला कितवा आठवडा हे काढून देणारा कोड पाठवला. सुबक, सहाशे ओळींचा. मी हरखून त्याच दिवशी मर्ज केला, म्हणजे लायब्ररीत सामील करून घेतला. पाठवणारा पुन्हा दिसला नाही. पुढे १ जानेवारी २०२१ उजाडली. आयएसओ ८६०१ या तारखांच्या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे तो दिवस २०२० च्या ५३ व्या आठवड्यात मोडतो, आणि त्या कोडला ५३ वा आठवडा नावाची चीजच ठाऊक नव्हती! नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी तक्रारी आल्या त्या माझ्याकडे. दुसऱ्याचा कोड उलगडत मी दोन रात्री बसले होते. तेव्हापासून १,४०० हा आकडा दिसला की मी टॅब बंद करते आणि 'रविवारी बघू' म्हणते. ते रविवार कसे जातात हे विचारू नका.

तीन आठवडे तसे फारही नाहीत. लिनक्स कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यावर, कित्येकजण पगारी काम करतात, तरी तिथली नियमावली सांगते की अभिप्रायाला सहसा दोन-तीन आठवडे लागतात, आठवण करण्याआधी निदान एक आठवडा थांबा, आणि मर्ज विंडो (नवे बदल सामील करून घ्यायचा काळ) चालू असेल तर त्याहून जास्त.

तगाद्याचं म्हणाल, तर एक्सझेड युटिल्स या फाइली आकुंचित करणाऱ्या सॉफ्टवेअरचं प्रकरण आम्ही कुणी विसरलेलो नाही. एकटा माणूस फावल्या वेळात ते सांभाळत होता. २०२२ मध्ये अनोळखी नावांनी त्याच्यामागे धोशा लावला : काम रेंगाळतंय, दुसऱ्या कुणाकडे तरी सोपवा. एक तत्पर मदतनीस हाताशी होताच, त्याला अधिकार मिळाले. मार्च २०२४ मध्ये ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत बॅकडोर (आत शिरायची चोरवाट) सापडलं, ते त्याच मदतनीसाच्या खात्यावरून आलेलं. त्यानंतर घाई करणाऱ्या अनोळखी माणसाकडे मी जरा तिरक्या नजरेनेच बघते. तुमच्यावर हा अन्याय आहे, मान्य.

आता त्या एका ओळीकडे पुन्हा बघा. उद्धट आहे खरी, पण पुढे काय करायचं ते तिच्यात आहे. मी याहून वाईट वागले आहे. एका मुलाची रिक्वेस्ट मला नको होती, पण 'नको' म्हणवेना, म्हणून सात महिने तशीच लोंबकळत ठेवली. शेवटी त्यानेच बंद केली आणि लिहिलं, 'बहुतेक नको असावं.' ते वाचून फार ओशाळले.

तुमच्या १,४०० ओळींतून आधी फक्त एक चुकणारी तारीख बाहेर काढा. इश्यूमध्ये लिहा : हे इनपुट दिलं, हे आउटपुट आलं, हे यायला हवं होतं, दुरुस्ती करायची माझी तयारी आहे, चालेल का? सोबत ती चूक दाखवणारी टेस्ट जोडा. वीस-तीस ओळी मी चहा निवायच्या आत वाचते. बाकीचा कोड ब्रँचवर (तुमच्या वेगळ्या प्रतीत) राहू द्या, नासत नाही.

प्रश्न : माझ्या छोट्याशा बदलावर मेंटेनरने अकरा शेरे मारलेत, त्यातल्या आठांपुढे 'निट' लिहिलंय. सगळं बदलायचं का?

उत्तर : 'निट' म्हणजे किरकोळ खुसपट. अकरा शेरे आले म्हणजे कुणीतरी तुमची प्रत्येक ओळ वाचली. मला तर हेवा वाटला. आधी उरलेल्या तिघांकडे बघा. निट दोन मिनिटांत होणारे असतील तर करून टाका, व्हेरिएबलच्या नावावरून भांडत बसू नका. एखादा पटत नसेल तर सरळ विचारा, 'हे केल्याशिवाय मर्ज अडेल का?' बहुतेक वेळा 'नाही' असंच उत्तर येतं. आणि रिव्ह्यू चालू असताना जुन्या कमिटांवर (आधी नोंदवलेल्या बदलांवर) फोर्स-पुश करू नका, म्हणजे ते पुसून त्यांच्या जागी नवे चढवू नका. आपण काय वाचलं होतं आणि नवं काय आलं, हे मग आम्हाला सापडत नाही, आणि अकराचे बावीस होतात.