डिझेल-पेट्रोल खरंच मजुरीच्या पुढे पळालं का?

तुमचा प्रश्न असा आहे की, पगार आणि मजुरी दरवर्षी थोडीफार वाढतेच, मग इंधन परवडेनासं का झालं? भाव खरंच कमाईच्या पुढे गेले, की आपल्याला नुसतं तसं वाटतं?

मी परभणी जिल्ह्यात शेती करतो. घरी ट्रॅक्टर आहे, त्यामुळे डिझेलचा खर्च आणि मजुरी एकाच वहीत लिहावी लागते. आमचा जिल्हा राज्यातल्या सगळ्यात महाग पेट्रोलसाठी बातम्यांत येत असतो, कारण टँकर मनमाडजवळच्या पानेवाडीच्या डेपोतून येतो आणि एवढ्या लांबचं वाहतूक भाडं भावात चढतं. पण तुलना सगळ्यांना कळावी म्हणून इथे भाव मुंबईचे घेतो आणि मजुरी रोजगार हमीची. तिचा दर या सगळ्या वर्षांत सरकारच जाहीर करत आलं, त्यामुळे त्यावर वाद नाही.

2014 च्या उन्हाळ्यात मुंबईत डिझेल 65 रुपयांच्या आसपास होतं आणि रोजगार हमीची मजुरी 168. एका हजेरीत अडीच लिटरहून थोडं जास्त डिझेल यायचं. 2021 च्या दिवाळीच्या तोंडावर डिझेल 106 वर गेलं, मजुरी होती 248. म्हणजे एका हजेरीत सव्वादोन लिटरच्या जरा वर. सात वर्षांत मजुरी 80 रुपयांनी वाढली आणि तरी तिच्यात येणारं डिझेल घटलं. त्यानंतर मात्र चित्र पालटलं. 2025-26 साठी मजुरी 312 ठरली आणि 2025 मध्ये डिझेल मुंबईत 90 च्या आसपास होतं, म्हणजे जवळपास साडेतीन लिटर. तेव्हा भाव कायमच मजुरीच्या पुढे राहिले, असं मी म्हणणार नाही. पण मधल्या काळात, विशेषतः 2020 ते 2022, जे घडलं त्याची भरपाई या बेरजेत दिसत नाही.

त्या काळात भाव वाढले ते फक्त कच्च्या तेलामुळे नाही. 2014 मध्ये डिझेलवर केंद्राचं उत्पादन शुल्क लिटरला 3.56 रुपये होतं. पुढे कच्चं तेल स्वस्त झालं, पण नोव्हेंबर 2014 ते जानेवारी 2016 मध्ये शुल्क नऊ वेळा वाढलं आणि स्वस्ताई पंपापर्यंत पूर्ण पोचलीच नाही. मे 2020 मध्ये टाळेबंदी होती, माणसं घरी बसली होती, हाताला काम नव्हतं, आणि तेव्हाच हे शुल्क 31.83 वर नेलं. वर राज्याचा व्हॅट टक्क्यांत, म्हणजे मूळ किंमत चढली की तोही चढतो. 29 मे 2021 ला मुंबईत साध्या पेट्रोलने शंभरी ओलांडली. आमच्याकडे ती त्याआधीच ओलांडली होती. पुढे नोव्हेंबर 2021 आणि मे 2022 मध्ये शुल्क कमी झालं, जुलै 2022 मध्ये राज्यानेही थोडा कर उतरवला. तोवर दीड-दोन वर्षं लोकांनी खिशातून भरली होती.

माझ्या मते खरा अन्याय दोन्हींच्या वाढीच्या पद्धतीत आहे. 16 जून 2017 पासून पंपावरचा भाव रोज बदलू शकतो. सरकारी नोकराला वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैपासून, महागाई भत्त्यात वाढ मिळते. रोजगार हमीची मजुरी या वर्षांत वर्षातून एकदाच बदलत आली, तीही शेतमजुरांच्या महागाई निर्देशांकावरून. हा निर्देशांक 2025 पर्यंत 1986-87 हे पायाभूत वर्ष धरून चालला होता आणि त्यातला घरखर्च ठरला होता 1983 च्या पाहणीवरून. त्या काळातल्या मजुराच्या दारात मोटारसायकल कुठली? साहजिकच त्या हिशेबात धान्याचा वाटा मोठा आणि प्रवासाचा नगण्य. 2019-20 ला महाराष्ट्रातली मजुरी 203 वरून 206 झाली. तीन रुपये! देशाचं किमान पायाभूत वेतन तर त्याच वर्षी दिवसाला 176 वरून 178 झालं आणि पुढे कित्येक वर्षं तिथेच थांबलं. हे आकडे वाचून मला आजही संताप येतो.

शेतात हे कसं उतरतं ते सांगतो. कापूस वेचणीला बाया शेजारच्या गावातून ॲपेत बसून येतात, एका गाडीत दहा-बारा जणी. 2021 मध्ये डिझेल चढलं तसं ॲपेवाल्याने माणशी दहा रुपये वाढवून मागितले. त्याचंही चूक नव्हतं. शेतकरी म्हणाले, आम्ही मजुरी तेवढीच देणार, भाडं तुमचं तुम्ही बघा. मग बायांनी काय केलं, तर काहींनी जवळच्या पण कमी दराच्या वावरात जाणं पत्करलं, काही जणी तांबडं फुटायच्या आत चालत निघाल्या. मजुरी कागदावर तेवढीच राहिली, पण हातात पडणारे पैसे कमी झाले. असली घट कोणत्याही निर्देशांकात येत नाही.

सिलिंडरचंही तेच. मे 2020 मध्ये मुंबईत तो 579 रुपयांना होता. त्याच सुमारास बहुतेकांच्या खात्यात अनुदान येणं थांबलं. मार्च 2023 मध्ये तो 1102.50 झाला. एका टाकीला आधी रोजगार हमीची अडीच दिवसांची मजुरी लागायची, ती सव्वाचार दिवसांवर गेली. उज्ज्वलावाल्यांना 200 रुपये परत मिळत, तरी साडेतीन दिवस. आमच्या वस्तीत त्या हिवाळ्यात पुन्हा घरोघरी पऱ्हाट्यांचे, म्हणजे कापसाच्या वाळलेल्या झाडांचे, भारे रचलेले दिसत होते. शेगडी होती, पण पाहुणे आले तरच पेटायची. नंतर ऑगस्ट 2023 आणि मार्च 2024 मध्ये टाकी मिळून 300 रुपयांनी उतरली, तेव्हा थोडा श्वास मिळाला.

शहरातही इंधन जाळूनच पोट भरणाऱ्याला हाच फटका बसतो. मुंबईत रिक्षाचं किमान भाडं मार्च 2021 मध्ये 21 रुपये ठरलं, तेव्हा सीएनजी किलोला पन्नाशीच्या आत होता. ऑक्टोबर 2022 मध्ये भाडं 23 झालं, सीएनजी 86. रिक्षावाल्याला निदान भाडं ठरवायला सरकारी सूत्र तरी आहे. पार्सल पोचवणाऱ्या पोराला तेही नाही. पेट्रोल त्याचं, गाडी त्याची, दर मात्र कंपनीचा.

आणखी एक गोष्ट, जी मला सगळ्यात जास्त सलते. डिझेल चढलं की नांगरटीचा, रोटाव्हेटरचा एकरी दर लगेच चढतो. 2021-22 मध्ये आमच्याकडे तो एकरी चारशे-पाचशेने वाढला. 2022 मध्ये डिझेल उतरलं, दर उतरला नाही. ट्रॅक्टरवाल्यालाही दोष देता येत नाही, कारण तोवर टायर, सुटे भाग, ड्रायव्हरचा पगार, बँकेचा हप्ता सगळंच वाढलेलं असतं. म्हणून पंपावरचा भाव खाली आला म्हणजे महागाई कमी झाली, असं कुणी सांगितलं तर मी मान्य करत नाही.

तुमच्यापुरता हिशेब बघायचा असेल तर 2014 चा महिन्याचा पगार घ्या, त्यातून कामावर जाण्या-येण्याचं पेट्रोल आणि सिलिंडर वजा करा, आणि हेच आजच्या पगाराचं करा. नुसते लिटर मोजून फसगत होते, कारण उरलेल्या पैशातच शाळेची फी, दवाखाना आणि किराणा बसवायचा असतो.

आमच्याकडे आता आम्ही चार-पाच शेतकरी मिळून ॲपेचं भाडं मजुरीत न धरता वेगळं देतो, आणि डिझेल वाढलं की ते ॲपेवाल्याशी बोलून त्याच आठवड्यात बदलतो. मजुरांच्या नेहमीच्या दराला त्यामुळे हात लागत नाही आणि ऐन वेचणीत बायाही टिकून राहतात.