सोलापुरात ग्रंथपालांसाठी बहुभाषिक लेखक आणि स्थानिक संगीत यांचा स्नेहमेळावा कसा आखावा?

तुमचा प्रश्न असा: १२ ऑगस्टला, ग्रंथपाल दिनी, जिल्ह्यातल्या साठेक ग्रंथपालांना बोलवायचंय. मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू लेखक हवेत, इथलं संगीतही हवं. हॉल एक, दिवस एक.

आधी लेखक ठरवा, कलाकार नंतर. चार भाषा म्हणून चार फोटो आणि चार हार, अशी आखणी केली की प्रत्येक जण आपल्या भाषेपुरत्या टाळ्या वाजवतो आणि बाकी वेळ मोबाइल बघतो. त्यापेक्षा भाषांच्या सीमेवर उभे असलेले लेखक घ्या. सोलापुरात त्यांची वाण नाही. द. रा. बेंद्रे घरी मराठी बोलत, लिहीत कन्नडमध्ये. १९७३ चं ज्ञानपीठ त्यांना मिळालं, आणि १९४४ ते १९५६ ते इथल्याच डी.ए.व्ही. कॉलेजात शिकवत होते. सिद्धरामेश्वर गावाचं दैवत, पण ते बाराव्या शतकातले कन्नड वचनकारही (वचन म्हणजे छोटं भक्तिपर गद्यकाव्य) होते हे त्यांच्या गड्डा यात्रेच्या गर्दीतल्या अनेकांच्या गावीही नसतं. उर्दूसाठी अठराव्या शतकातले शायर सिराज औरंगाबादी आणि तेलुगूसाठी संतकवी वेमनाची पद्यं घ्या. ही पद्यं चार-चार ओळींची असतात आणि तेलुगू शाळेत शिकलेल्याला दोन-तीन तरी पाठ असतात.

वाचताना क्रम पाळा: आधी मूळ भाषेत, मग मराठीत अर्थ. उलट केलं तर अर्थ कळल्यावर मूळ कुणी कान देऊन ऐकत नाही. प्रत्येक वाचन तीन-चार मिनिटांचं ठेवा. मूळ मजकुराचा एक कागद प्रत्येकाच्या हातात द्या, अक्षर १४ पॉइंटपेक्षा लहान नको. छापायला पीडीएफच पाठवा. वर्डची फाइल दिली आणि दुकानातल्या संगणकात तो फाँट नसला तर कन्नडची जोडाक्षरं फुटतात आणि उर्दूची अक्षरं सुटी होऊन उलटी लागतात. कन्नड आणि तेलुगू लिप्या दिसायला जवळच्या, त्यामुळे फलकांची अदलाबदलही होते. छापण्यापूर्वी त्या भाषेच्या वाचकाकडून तपासून घ्या, फक्त डिझाइनरच्या भरवशावर राहू नका.

खुर्च्या रांगेत लावू नका. दहा-दहा जणांची सहा टेबलं करा, भाषा मिसळून बसवा. प्रत्येक ग्रंथालयाने आपल्या 'इतर भाषा' कपाटातलं एक पुस्तक आणायचं. टेबलावर पुस्तकं विषयानुसार ठेवा, वर्गांकानुसार नको. ड्युई वर्गीकरणात (ग्रंथालयं पुस्तकांना ज्या पद्धतीने वर्गांक देतात त्यात) मराठी साहित्य ८९१.४६ ला आणि उर्दू ८९१.४३९ ला, तर कन्नड ८९४.८१४ ला आणि तेलुगू ८९४.८२७ ला जातं. म्हणजे पेठेत शेजारी राहणाऱ्या भाषा फडताळावर एकमेकींना दिसतही नाहीत. आपल्या नोंदवहीत तेलुगू-उर्दू नावं कुणी ऐकीव उच्चाराने देवनागरीत उतरवलेली असतात, तीही याच टेबलावर दुरुस्त करून घ्या. हे काम एकट्याने बसून होत नाही. भाषा येणारा माणूस शेजारी असला की तासाभरात वीस-पंचवीस नोंदी होतात.

आता संगीत. ऑगस्टमध्ये कलाकार मिळवणं हीच मोठी अडचण. १ ऑगस्टच्या अण्णाभाऊ साठे जयंतीमुळे शाहीर अडकलेले असतात, आणि नारळी पौर्णिमेला तेलुगूभाषक पद्मशाली समाजाचा मार्कंडेय रथोत्सव असल्याने तेलुगू भजनी मंडळी त्या आठवड्यात हाती लागत नाहीत. जूनअखेरीस तारीख पक्की करा. शाहिरी पथकाला चार माइक पुरतात: शाहीर, झीलकरी (मागे ध्रुपद धरणारे), ढोलकी, आणि तुणतुण्याला अगदी जवळ धरलेला एक. हलगीला माइक देऊ नका, बंद हॉलमध्ये ती इतरांना गिळून टाकते. पावसाळी हवेत हलगीचं चामडं सैल पडतं आणि आवाज बसतो. वाजवण्यापूर्वी ते जाळावर शेकावं लागतं, आणि हॉलमध्ये जाळ करू देणार नाहीत. बाहेर पत्र्याच्या आडोशाला जागा ठेवा, किंवा फायबरच्या पानाची हलगी असलेलं पथक बोलवा. हलगी सुरुवातीला दहा मिनिटं आणि शेवटी. वाचनांच्या मध्ये फक्त वचनगायन किंवा भजन. पार्श्वसंगीत म्हणून काहीही वाजवू नका, दोन्हींचा अपमान होतो.

हक्कांचं बघा. कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम ५२ नुसार प्रकाशित साहित्यातले मर्यादित उतारे जाहीरपणे वाचायला परवानगी लागत नाही, आणि हौशी मंडळाने विनाशुल्क श्रोत्यांसमोर गायलेलंही चालतं. मानधन घेणारं पथक मात्र हौशी ठरत नाही. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क टिकतात. अण्णाभाऊ १९६९ ला गेले, म्हणजे त्यांचे पोवाडे २०२९ अखेरपर्यंत हक्काखाली आहेत. बेंद्रे १९८१ ला गेले, म्हणजे त्यांच्या कविता २०४१ पर्यंत. पथकाला सोलापूरच्याच, पेशवाईतल्या रामजोशींच्या लावण्या सुचवा, त्यांना ही अडचण नाही. चित्रफीत यूट्यूबवर टाकायची असेल तर ही सवलत तिथे लागू होईल असं धरून चालू नका.

वेळ सकाळी साडेअकरा ते साडेतीन ठेवा. बरीच वाचनालयं सकाळ-संध्याकाळ उघडी असतात, पाचला कुलूप उघडायचं म्हणून लांबच्या तालुक्यातले दोनलाच उठतात. म्हणून टेबलावरचं काम आधी, जेवण एकला, भाषणं (दोनच, प्रत्येकी पाच मिनिटं) जेवणाआधी. जेवण पुस्तकांपासून वेगळ्या खोलीत: साठ जणांना कडक भाकरी दीडशे, शेंगाचटणी दीड किलो, दही पाच किलो. चटणीचं तेल पुस्तकाच्या पानाला लागलं की डाग जात नाही.

प्रत्येक पुस्तक येताना दाखल क्रमांकासह (त्या ग्रंथालयाच्या नोंदवहीतला पुस्तकाचा क्रमांक) एका वहीत लिहा, समोर ग्रंथालयाचं नाव आणि सही. दारापाशी तीच वही घेऊन एक जण बसवा. गप्पांच्या नादात पुस्तकं भलत्याच पिशवीत जातात आणि दाखल क्रमांकाशिवाय त्यांचा माग लागत नाही.